उत्तराला तीन सेकंद

माझ्या इंग्रजी बोलण्याच्या वर्गात एक नियम होता. प्रश्न विचारला की तीन सेकंदांत तोंड उघडायचं. चुकीचं बोला, अर्धवट बोला, पण गप्प राहू नका. कुणी अडखळलं की मी डस्टरनं टेबलावर ठोकायचे, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या ठोक्याला पुढच्या माणसाकडे वळायचे. नातवंडं असलेली माणसंसुद्धा त्या डस्टरला घाबरायची. मला त्याचा फार तोरा होता. आता तो नियम आठवला की माझी मलाच लाज वाटते.

वर्ग उस्मानपुऱ्यात, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. हॉल म्हणायचं एवढंच, कारण मधोमध प्लायवूड उभं करून त्याचे दोन तुकडे केलेले आहेत. अलीकडे मी, पलीकडे माझी एके काळची मैत्रीण. बी.एड.ला आम्ही एका बाकावर बसायचो. वर्ग दोघींनी मिळून काढला. हे बाकसुद्धा शहागंजातल्या जुन्या फर्निचरवाल्याशी दोघींनी मिळून हुज्जत घालून आणलेले. काही वर्षं छान चाललं. मग बोर्डावर आधी कोणाचं नाव, यावरून सुरू झालं ते प्लायवूड उभं राहिल्यावरच थांबलं. थांबलं म्हणजे आमचं बोलणं थांबलं, आवाज काही थांबला नाही. प्लाय पातळ आहे. तिच्याकडची मंडळी एका सुरात काही म्हणाली की मी माझ्या मंडळींना त्याहून मोठ्यानं म्हणायला लावायचे. ती हसली की मला वाटायचं, मलाच हसली.

दोन वर्षांपूर्वी तिनं एक नवीन टूम काढली. तिच्याकडचे लोक इंग्रजीत बोलतानाचे व्हिडिओ ती मोबाइलवर टाकायला लागली. कालपर्यंत तोंडातून शब्द न फुटणारी माणसं त्यात धडाधडा बोलायची. लोक ते बघायचे, एकमेकांना पाठवायचे, आणि जिना चढून आले की अलीकडच्या दाराकडे न बघता पलीकडच्या दारात शिरायचे. मी दार उघडं ठेवून बसायचे. चपलांचा आवाज आला की मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे.

त्याच सुमारास लासूर स्टेशनहून एक बाई माझ्याकडे यायला लागल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर. शेती करणाऱ्या घरातली धाकटी सून. डी.एड. झालेलं होतं, पण लग्नानंतर ते सर्टिफिकेट कपाटात जे गेलं ते तिथंच राहिलं. आता त्यांच्या गावात एक इंग्रजी शाळा निघत होती आणि लहान मुलांच्या वर्गाला बाई हव्या होत्या. मुलाखत इंग्रजीत होणार होती. तिच्यासाठी त्या आठवड्यातून तीन दिवस रेल्वेनं यायच्या आणि स्टेशनपासून उस्मानपुऱ्यापर्यंत पायी यायच्या. घामाघूम होऊन आल्या तरी वहीचा पहिला मान. दप्तर म्हणून जी कापडी पिशवी होती, तिच्यात वही वर आणि डबा खाली असायचा.

त्या डब्याची आमच्या वर्गात ख्याती होती. दुपारच्या सुट्टीत बाई तो मधोमध ठेवायच्या. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कधी शेंगदाण्याचं कोरड्यास, आणि भाकरी नेहमी दोन जास्तीच्या. डबा त्यांची थोरली जाऊ भरून द्यायची. घरात सासू होती, पण कारभार सगळा जावेच्या हातात. तिनंच सासूला सांगितलं होतं, "जाऊ द्या तिला, घरचं मी बघते." बाई क्लासला निघाल्या की म्हशीची धार, दोघींच्या वाटणीचा स्वयंपाक, धुणं सगळं ती एकटी उरकायची. हे मला माहीत होतं. मला कसं माहीत, तर बाईंना इंग्रजीत जी पहिली वाक्यं नीट यायला लागली ती सगळी जावेबद्दलच होती. माझी जाऊ डबा करते. माझी जाऊ माझी वही जपून ठेवते. माझी जाऊ म्हणते, तुला नोकरी लागू दे. तीन आठवडे आम्ही ही वाक्यं ऐकत होतो. शेवटी मी एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, घरात दुसरं कोणी आहे की नाही?" सगळे हसले, त्यापण हसल्या.

आमच्याकडे शनिवार हा विषयाचा दिवस. फळ्यावर एक विषय लिहायचा आणि प्रत्येकानं उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. त्या शनिवारी मी विषय दिला, रोजच्या जगण्यातले आपले विरोधक. खाली नमुने लिहून दिले, म्हणजे कोणी अडायला नको: शेजारी, भाऊबंद, ऑफिसातला सोबती, समोरचा दुकानदार, जाऊ. त्याच्या खाली तीन प्रश्न. तो काय करतो? त्याला काय हवं आहे? तुम्हाला काय वाटतं? हा विषय मला त्या दिवशी का सुचला, हे सांगायला नको. प्लायच्या पलीकडे त्याच वेळी टाळ्या पडत होत्या.

पहिल्यांदा शहागंजातले घड्याळवाले चाचा उठले. दुकानावर परदेशी पाहुणे येतात, त्यांच्याशी चार शब्द बोलता यावेत म्हणून ते यायचे. त्यांचा विरोधक ठरलेला, समोरचा घड्याळवाला. तो माझी गिऱ्हाइकं हाक मारून नेतो, माझ्यासारखाच बोर्ड लावतो, मी भाव उतरवला की तासाभरात तोही उतरवतो, असं सगळं त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत झकास सांगितलं. मी विचारलं, मग तुम्हाला काय वाटतं? चाचा इंग्रजी विसरून म्हणाले, "क्या लगनेका मॅडम? मेरे दुकान की दुसरी चाबी उसीच के पास रहती. मैं यहां पढ रहा, वहां वोच देख रहा दोनों दुकान." वर्ग खो खो हसला. मी हसले नाही. इंग्रजी सोडलं म्हणून मी त्यांना खाली बसवलं.

मग बाई उठल्या. उठल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "मॅडम, मला कोनीच नाय."

"मराठी नको. आणि कोणी नाही असं कसं? एवढ्या मोठ्या घरात राहता. तुमचं घर काय देवाघरचं आहे?"

लोक हसले. बाईंनी पदर सारखा केला. मी डस्टर उचललं. एक. त्या फळ्याकडे बघायला लागल्या. दोन. पलीकडे कुणीतरी काहीतरी फार छान बोललं असावं, तिच्याकडे पुन्हा टाळ्या झाल्या, आणि मी दुसरा ठोका जरा जोरातच दिला. तिसरा द्यायच्या आत बाई बोलायला लागल्या.

"माय सिस्टर-इन-लॉ," त्या म्हणाल्या, "इज माय अपोनंट."

आता मागं वळून बघताना मला स्पष्ट दिसतं, त्यांनी जावेलाच का निवडलं. दुसऱ्या कुणाबद्दलची वाक्यंच त्यांच्याजवळ नव्हती. नवी भाषा शिकणारा माणूस खरं असेल ते बोलत नाही, येत असेल ते बोलतो. हे पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या मला कळायला नको का? बाईंनी रोजचीच वाक्यं घेतली आणि एकेक उलटं केलं. ती मला डबा देत नाही. ती माझी वही लपवते. मला नोकरी लागू नये असं तिला वाटतं. एकही ठेच नाही, एकदाही फळ्याकडे बघणं नाही. तीन वाक्यं झाल्यावर मी मोबाइल काढला आणि म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणखी सफाईनं. शेवटी त्या थांबतील असं मला वाटलं होतं. पण त्या थांबल्या नाहीत. आवाज जरासा खाली आला आणि त्या म्हणाल्या, घरात सगळे तिचं ऐकतात, मला कोणी विचारत नाही. मग बसल्या. आमच्या बाजूला एवढ्या टाळ्या कधीच वाजल्या नव्हत्या. पलीकडे शांतता झाली आणि मला खरं सांगायचं तर ती शांतता फार गोड लागली.

वर्ग सुटल्यावर बाई मागं थांबल्या. "मॅडम, ते समदं खोटं व्हतं. चालतं ना?"

"वर्गात खरंखोटं नसतं हो," मी म्हणाले, "बरोबर आणि चूक एवढंच असतं. आणि तुमचं सगळं बरोबर होतं. व्हिडिओ टाकू ना?"

त्या हसल्या. "टाका की. आमच्या घरी कोनाला येतंय इंग्रजी."

मीही तेच धरून चालले होते. आम्हा इंग्रजी शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना वाटतं, इंग्रजी म्हणजे आतून कडी लावलेली खोली. मराठीत जे तोंडातून निघणार नाही ते तिथं बिनधास्त बोलावं, बाहेर काही ऐकू जात नाही. मी स्वतः प्लायच्या शेजारी बसून हे धरून चालले होते. व्हिडिओ टाकला. त्याखाली लिहिलं, दोन महिन्यांपूर्वी या ताईंना एक वाक्य येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीन जण जिना चढून आले आणि माझ्या दारात शिरले. बोलता बोलता मी मुद्दाम आवाज चढवून त्यांना फीची माहिती सांगितली.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या नाहीत. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, शनिवारीही नाही. फोन बंद. मुलाखत पंधरा दिवसांवर आलेली, आणि ही बाई घरी बसते म्हणजे काय, म्हणून मी चिडलेसुद्धा. मग एका अनोळखी नंबरवरून त्यांचा फोन आला. शेजारणीचा मोबाइल घेतला होता. तो व्हिडिओ गावातल्या बचत गटाच्या ग्रुपवर पोचला होता. ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना अर्थ सांगितला होता, आणि सांगताना प्रत्येकीनं पदरचं थोडं घातलं होतं.

"जाऊबाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काय नाय. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं." बाईंचा आवाज बसला होता. "सासूबाईला एवढंच म्हणल्या, माझ्यानं आता दोघींचं काम व्हत नाय. झालं. मला कोन पाठवतं आता? मॅडम, तेवढा व्हिडिओ काढून टाका."

मी तो त्याच क्षणी काढला. काढून काय होणार होतं? तो आता माझ्याजवळ सोडून सगळ्यांजवळ होता.

रविवारी मी लासूर स्टेशनला गेले. गाडीत बसल्या बसल्या काय बोलायचं याची उजळणी करत होते. सगळं माझ्या अंगावर घ्यायचं, विषय माझा, फळ्यावरचे शब्द माझे, ती बिचारी नुसती म्हणून दाखवत होती. हे पटण्यासारखं होतं आणि बहुतेक खरंही होतं. जावेची समजूत पटली तर अजून आठवडा हातात होता, बाईंना मी फोनवरूनसुद्धा तयार केलं असतं. तेवढी आशा मला होती.

घर मार्केट यार्डाच्या मागं, स्लॅबचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत मक्याची पोती आणि एक खाट. जाऊ बाहेर आली. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असेल. हाताला पीठ होतं. मला वाटलं होतं, ही आता तोंड सोडेल. मी तर मनाची तयारीही केली होती.

"या मॅडम, बसा. लई उन्हाच्या आल्या." तिनं पाणी दिलं, आत चहा टाकायला सांगितलं आणि समोर पोत्यावर बसली. आतून कपबशांचा आवाज आला तेव्हा मला कळलं की बाई स्वयंपाकघरात आहेत.

मी बोलायला लागले. ठरवलं होतं ते सगळं बोलले. तिनं मधे तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर कमरेचा मोबाइल काढला, हात पदराला पुसले आणि तो व्हिडिओ लावला.

"मला धा जनींनी धा अर्थ सांगितले," ती म्हणाली. "तुमी शिकवता. तुमी सांगा. एकेक सांगा."

पहिलं वाक्य झालं. तिनं बोटानं व्हिडिओ थांबवला. मी अर्थ सांगितला: माझी जाऊ माझी विरोधक आहे.

"हे फळ्यावर व्हतं?"

"हो. मीच लिहिलं होतं. शेजारी, जाऊ, दुकानदार, असं सगळं."

दुसरं. ती मला डबा देत नाही.

"हे बी फळ्यावर?"

"हो," मी म्हणाले. नव्हतं, पण मी लगेच म्हणाले.

"डब्याचं बी?" तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "दोन भाकरी वरच्या घालायची मी. म्हणलं, मॅडम बी खातील."

"खायचो ना. आम्ही सगळे खायचो. तुमचा ठेचा तर..." ती हसली. अगदी थोडं, पण हसली. वहीचं वाक्य झालं. नोकरीचं झालं. दोन्हींना मी पटकन हो म्हणाले, आणि दर वेळी तिचे खांदे जरा सैल होत गेले. मला वाटलं, जमलं. मनात मी बाईंची मुलाखतीची तयारी कुठून सुरू करायची हेही ठरवायला लागले होते.

मग शेवटचं वाक्य लागलं. बाईंचा तो खाली आलेला आवाज त्या पडवीत वर्गातल्यापेक्षा स्पष्ट ऐकू आला. मी अर्थ सांगितला. घरात सगळे तिचं ऐकतात, मला कोणी विचारत नाही.

जावेनं मोबाइल मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं.

"हे बी फळ्यावर व्हतं?"

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनीही प्रश्न ऐकला आणि त्याही माझ्याकडे बघायला लागल्या. फक्त हो म्हणायचं होतं. तोवर तीनदा खोटं बोलले होते, चौथ्यांदा बोलायला काय हरकत होती? पण मला तो आवाज आठवला. व्हिडिओतल्या सगळ्या वाक्यांमध्ये ते एकच ना फळ्यावरून घेतलेलं होतं, ना रोजचं वाक्य उलटं करून केलेलं, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, आणि ते लक्षात येण्यात माझं उत्तर राहून गेलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी हो म्हणाले तेव्हा उशीर झाला होता.

जावेनं मान हलवली. रागानं नाही. तिनं मोबाइल पुन्हा कमरेला खोचला. "चहा घ्या मॅडम," ती म्हणाली, "गार व्हतोय." बाईंनी ट्रे माझ्यापुढं धरला. मी कप उचलला तसं त्या वळून आत गेल्या, आणि मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मुलाखतीचा दिवस आला तसा गेला. शाळेला दुसऱ्या कोणीतरी बाई मिळाल्या असतील.

माझा वर्ग चालू आहे. चालू राहतो, त्याला काय होतं? तो विषय मी पुन्हा दिला नाही. डस्टरनं फक्त फळा पुसते. माणसं अडखळतात, गप्प उभी राहतात, मी वाट बघते आणि एकेक माणूस कंटाळून पलीकडच्या दारात जातो. व्हिडिओ ती अजूनही टाकते. कधी कधी संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ती पलीकडे एकटीच बाक सरळ करत असते, ते ऐकू येतं. प्लायवर टकटक करावी आणि तिला हे सगळं सांगावं, असं मला फार वाटतं. चाचांनी त्यांच्या समोरच्याला एका मिनिटात सांगितलं असतं. मी प्लायजवळ जाऊन उभी राहते. मग ती दिवा बंद करते, जिना उतरते, आणि मी माझे बाक सरळ करायला लागते.

उन्हाळ्यात बाईंचा एकदा फोन आला. घरात दोन चुली झाल्या होत्या. भांडण असं काही झालंच नव्हतं, म्हणाल्या, नुसतं हळूहळू सगळं वाटून घेतलं गेलं, भांडी, म्हशी, पाण्याची वेळ. आता आपल्या चुलीवर आपणच विचारायचं आणि आपणच उत्तर द्यायचं. मी तब्येतीचं विचारलं, मुलांचं विचारलं. इंग्रजीचं विचारायची हिंमत झाली नाही. मग त्याच म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुमी लगेच 'व्हय' का नाय म्हणल्या?"

मी उत्तर शोधायला लागले. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. माझ्या डस्टरपेक्षा जास्तच वेळ दिला त्यांनी मला. मग म्हणाल्या, "राहू द्या मॅडम," आणि फोन ठेवला.